धाप, मुंग्या आणि धडधड : घबराटीचा झटका आला असता काय करावे

साताऱ्याहून पुण्याकडे येणारी एसटी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली, तेव्हा माझे ओठ बधिर होऊ लागले होते. त्याआधी काही मिनिटे छातीत धडधड होत होती आणि ती मी गाडी लागण्यावर ढकलली होती. पण बोगद्यात दोन्ही हातांना मुंग्या आल्या, बोटे ताठ होऊन एकमेकांना चिकटली आणि अंगठा तळव्यात ओढला गेला, तेव्हा हा अर्धांगवायूच, अशी माझी खात्री झाली. शेजारच्या मावशी पाठीवरून हात फिरवत "मोठा श्वास घे बाळा, अजून मोठा" असे सांगत होत्या. मी त्यांचे मनापासून ऐकले आणि प्रत्येक मोठ्या श्वासागणिक बोटे अधिकच वाकडी होत गेली. शिरवळला उतरून एका छोट्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी नाडी, रक्तदाब आणि ईसीजी पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "तुला श्वास कमी पडत नव्हता, तू तो जास्त घेत होतीस."

पुढे जे काही लिहिले आहे ते या एका वाक्यातून निघालेले आहे. घबराटीच्या झटक्यात हवा पुरत नाही असे वाटते, म्हणून माणूस अधिक हवा ओढतो, आणि जी लक्षणे त्याला सर्वांत जास्त घाबरवतात त्यांतली निम्मीअधिक त्या जादा हवेमुळेच निर्माण होतात. त्यामुळे उपाय सुचेल त्याच्या उलट दिशेने करावा लागतो.

त्याआधी मात्र एक अट आहे. अशी लक्षणे आयुष्यात पहिल्यांदाच दिसली असतील, तर ती घबराटीची आहेत हे स्वतःचे स्वतः ठरवू नये. छातीवर कोणी बसल्यासारखा दाब येणे, वेदना डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम फुटून उलटीची भावना होणे, चालताना किंवा जिना चढताना त्रास वाढणे, यांपैकी काहीही असेल तर श्वासाचे प्रयोग करत न बसता १०८ क्रमांकावर फोन करावा. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण मधुमेही व्यक्तींमध्ये आणि अनेक स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत फारसे न दुखताही येतो. एका बाजूचाच हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजून धावपळ करावी. घबराटीतल्या मुंग्या बहुधा दोन्ही हातांना आणि ओठांभोवती येतात. छातीतून सूं-सूं आवाज येत असेल तर तो दमा असू शकतो. मधुमेही माणूस खोल आणि जोरजोरात श्वास घेत असेल, उलट्या होत असतील आणि तो गुंगीत जात असेल, तर ते रक्त आम्लधर्मी झाल्याचे लक्षण असू शकते आणि तिथे श्वास मंद करायला सांगणे घातक ठरेल. पायाला एकाच बाजूने सूज असून अचानक धाप लागली असेल, तरीही रुग्णालयच गाठावे.

एकदा डॉक्टरांनी तपासले, ईसीजी झाला, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या आणि काही निघाले नाही, की मग पुढच्या गोष्टींना अर्थ येतो. थायरॉइड वाढलेला असताना किंवा रक्त कमी असतानाही अशीच धडधड होते, म्हणून या तपासण्यांचा कंटाळा करू नये. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, रिकाम्या पोटी घेतलेली चौथी कॉफी आणि अचानक बंद केलेली दारू यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. ही माहिती डॉक्टरांना आपणहून सांगावी.

शरीरात नेमके काय घडते

आपण प्राणवायूसाठी श्वास घेतो हे शाळेत शिकवले जाते, पण श्वास किती आणि केव्हा घ्यायचा हे ठरवताना मेंदूची नजर प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक वेळी जेमतेम अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. घाबरल्यावर हा वेग २५-३० वर जातो आणि शिवाय प्रत्येक श्वास मोठा होतो. रक्तातील प्राणवायूची पातळी आधीच ९५ टक्क्यांच्या वर असल्यामुळे तिच्यात फारशी भर पडत नाही. वाया जातो तो कार्बन डायऑक्साइड. हा वायू म्हणजे नुसता कचरा, ही समजूत चुकीची आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या किती रुंद राहाव्यात आणि रक्त किती आम्लधर्मी असावे हे त्याच्यावर अवलंबून असते.

तो एक-दोन मिनिटांत घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्यामुळे डोके हलके होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आजूबाजूचे सगळे काचेपलीकडे घडत आहे असे वाटू लागते. हे शेवटचे लक्षण लोक सहसा कोणाला सांगत नाहीत, कारण आपल्याला वेड लागत आहे अशी भीती त्यांना वाटते; ते या झटक्याचेच एक नेहमीचे लक्षण आहे. दुसरीकडे रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातील मोकळे कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसते, नसा उगाचच उत्तेजित होतात आणि मुंग्या, बधिरपणा, बोटांना गोळे येणे सुरू होते. शरीरातील एकूण कॅल्शियम कमी झालेले नसते, म्हणून या त्रासावर कॅल्शियमच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

उरलेली लक्षणे ॲड्रेनालिनची, म्हणजे भीती वाटली की रक्तात सुटणाऱ्या संप्रेरकाची. धडधड, घाम, थंडगार पडलेले हात, थरथर, तोंडाला कोरड, अचानक शौचाला जावेसे वाटणे, हे सारे पळून जाण्याची तयारी करणाऱ्या शरीराचे काम आहे. एसटीच्या बाकावर पळायला जागा नसते एवढेच. घशात गोळा अडकल्यासारखे वाटते ते तिथले स्नायू आवळल्यामुळे, आणि छातीत सुई टोचल्यासारखे दुखते ते बऱ्याचदा बरगड्यांमधील स्नायू तासन्‌तास ताणल्यामुळे. तोंडाने घेतलेल्या हवेपैकी काही पोटात जाते, पोट फुगते, ढेकरा येतात आणि घरातले सगळे "गॅसेस झालेत" म्हणून ओवा शोधू लागतात.

चक्कर येऊन पडू, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते, परंतु या झटक्यात रक्तदाब सहसा वाढलेला असतो, आणि शुद्ध हरपते ती बहुधा तो कोसळल्यावर. त्यामुळे प्रत्यक्षात बेशुद्ध पडणे विरळाच. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा रक्तदाब खरोखरच उतरतो, म्हणून त्यांनी आडवे व्हावे.

कणखर माणसाला असे काही होत नाही, असे मानणाऱ्यांसाठी एक जुनी नोंद सांगते. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या शेकडो सैनिकांना धडधड, छातीत दुखणे आणि धाप यांचा त्रास होता आणि त्यांतल्या अनेकांच्या हृदयात तपासून काही दोष सापडत नव्हता. जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तोफांसमोर उभे राहिलेली माणसे होती ती.

झटका आला असताना

गाडी चालवत असाल तर आधी ती कडेला घ्या. बसायला जागा मिळाली तर पाठ टेकून बसा किंवा कोपरे गुडघ्यांवर ठेवून किंचित पुढे झुका, म्हणजे कानाशी आलेले खांदे आपोआप खाली येतात. कंबरेचा पट्टा, ओढणी, साडीचा घट्ट काचा सैल करा. घड्याळात किती वाजले ते पाहून ठेवा. याचे कारण पुढे येईल.

आता पहिली कृती श्वास सोडण्याची आहे, घेण्याची नव्हे. बशीतला चहा निवावा पण सांडू नये अशा बेताने फुंकतो, तसे ओठ करून हवा हळूहळू बाहेर जाऊ द्या. पूर्ण पिळून काढू नका. सोडून झाल्यावर लगेच आत ओढण्याची घाई न करता मनात "एक, दोन" म्हणा. मग तोंड मिटून नाकाने लहानसा श्वास घ्या, शेजारच्याला कळू नये इतक्या हळूच मोगऱ्याचा वास घ्यावा तसा, आणि पुन्हा बशीवरची फुंकर. सुरुवातीला तीन आकड्यांपर्यंत आत आणि पाच-सहापर्यंत बाहेर एवढे जमले तरी पुष्कळ. सरावानंतर चार आत आणि सहा बाहेर हे प्रमाण साधते, म्हणजे मिनिटाला सहाच श्वास होतात. आकड्यांच्या हिशेबानेच घाबरायला होत असेल तर आकडे सोडून द्या. बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब असला, की काम होते.

इथे बहुतेकांची गाडी अडते. पहिली दोन-तीन मिनिटे हवेची भूक कमी होण्याऐवजी वाढते आणि "हे चुकीचे आहे, आता मी मरणार" असा विचार येऊन माणूस पुन्हा छातीभर हवा ओढतो. मेंदूला कमी कार्बन डायऑक्साइडची चटकन सवय लागलेली असते आणि तो पुन्हा वाढू लागला की मेंदू तक्रार करतो. म्हणजे ही अस्वस्थता उपाय लागू पडत असल्याची खूण आहे. हे आधीपासून ठाऊक असेल तर ती दोन मिनिटे निभावता येतात. ठाऊक नसेल, तर कितीही चांगले तंत्र पहिल्या पंधरा सेकंदांत सोडून दिले जाते, आणि "श्वासाचे व्यायाम मला चालत नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

मोजणे जमत नसेल तर पाठ असलेला श्लोक किंवा अभंगाचा चरण हलक्या आवाजात, एका श्वासात एक ओळ या चालीने म्हणा. ज्यांना ते नको त्यांनी सतराचा पाढा म्हणावा. बोलताना श्वास आपोआप लांबतो. इटलीतील संशोधकांनी २००१ साली जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हणवून घेऊन पाहिले, तेव्हा दोन्हींमध्ये श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास येत असल्याचे त्यांना आढळले. श्रद्धा असो वा नसो, फुप्फुसांना ओळ किती लांब आहे एवढेच कळते.

वळलेली बोटे जोर लावून सरळ करू नका; श्वास ताळ्यावर आला की काही मिनिटांत ती आपोआप सुटतात. तोवर हात मांडीवर ठेवून एकमेकांवर हलके चोळावेत. धापा टाकत असताना पाणी घटाघटा प्यायल्यास ठसका लागतो, म्हणून घोटभर पाणी नंतर. आणि अधूनमधून घड्याळाकडे पाहा. झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. ॲड्रेनालिन रक्तात काही मिनिटेच टिकते. आपण नवा भीतीदायक विचार केला की नवा हप्ता सुटतो. "माझे हृदय बंद पडत आहे" याऐवजी "सात वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले, आता सात सतरा, मुंग्या ओठांपर्यंत आल्या आहेत" असे बातमीदारासारखे मनाशी सांगणे त्यासाठी उपयोगी पडते. नंतर काही तास अंग गळून जाते, त्याला दुसरा झटका समजू नये.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा उपाय जुन्या चित्रपटांत आणि काही घरांत अजून दिसतो. पिशवीत कार्बन डायऑक्साइडबरोबर प्राणवायूही घटतो, आणि तो त्रास मुळात हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर जीवावर बेतते. म्हणून तो करू नये, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नको. छातीत दुखते म्हणून घरातल्या कोणाची सॉर्बिट्रेटची गोळी स्वतःच्या मनाने जिभेखाली ठेवू नये, तिच्याने रक्तदाब उतरून खरीच चक्कर येते. कपालभाती आणि भस्त्रिका यांत श्वासाचा जोर किंवा वेग मुद्दाम वाढवलेला असतो, त्यामुळे झटक्याच्या वेळी त्यांचा विचारही करू नये. भ्रामरी मात्र, उच्छ्वास लांब आणि गुणगुणता असल्यामुळे, नेमकी कामाला येते.

शेजारी बसलेल्यांसाठी

मावशींचा हेतू चांगला होता, म्हणूनच हे सांगणे भाग आहे. "मोठा श्वास घे" म्हणू नका. "हळू सोड, माझ्याबरोबर सोड" म्हणा आणि स्वतः तसा श्वास सोडून दाखवा, कारण घाबरलेला माणूस ऐकतो त्याहून अधिक पाहून उचलतो. भोवती कोंडाळे करू नका. कांदा हुंगवू नका, गालावर चापट्या मारू नका, चेहऱ्यावर पाण्याचे हबके मारू नका. विचारल्याशिवाय अंगाला हात लावलेला काहींना सहन होत नाही. "काही झालेले नाही, नाटके पुरे" हे वाक्य जितके खोटे तितकेच निरुपयोगी आहे, कारण बोटे खरोखर वाकलेली असतात. "हे भयंकर वाटते आहे, पण ते उतरते, मी इथेच बसते आहे" एवढे पुरे. हा त्रास त्या माणसाला पूर्वी झालेला नसेल, तर वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा तपासण्याचे काम तुमचे आहे, कारण तो त्या अवस्थेत नसतो.

झटका नसताना

पोहणे बुडताना शिकता येत नाही, तसेच हे आहे. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे, सतरंजीवर उताणे पडून एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवावा. पोटावरचा हात वर-खाली व्हावा आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. हात कळत नसेल तर पोटावर एक जाडसर पुस्तक ठेवून ते उचलले जाते का पाहावे. आठवडाभराने हेच बसून, मग उभ्याने, मग बसथांब्यावर गर्दीत. पाच-सहा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडणारे पुष्कळ असतात. दोन-तीन आठवडे तरी द्यावेत.

काही जणांना झटके येत नाहीत, पण दिवसभर सुस्कारे, जांभया आणि "पूर्ण श्वास बसतच नाही" ही तक्रार असते. श्वास थोडा जास्त घेण्याची ज्यांना सवय जडली आहे त्यांच्यात अधूनमधून टाकलेला एखादा मोठा सुस्काराही कार्बन डायऑक्साइड खालीच राहू देतो. सुस्कारा येतो असे वाटले की आवंढा गिळावा आणि पुढचा श्वास नेहमीएवढाच घ्यावा. सोपे वाटते, करून पाहिल्यावर कळते की दिवसाकाठी आपण किती सुस्कारे टाकतो.

२०२० नंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दलही लिहायला हवे. पडद्यावर ९८ किंवा ९९ दिसत असताना जीव गुदमरत असेल, तर एकदा, फक्त एकदा, तो आकडा पाहून यंत्र ठेवून द्यावे. थंड पडलेल्या बोटावर यंत्र कधी कमी आकडा दाखवते, कधी काहीच दाखवत नाही, आणि मग माणूस दहाही बोटे तपासत बसतो. सतत नाडी मोजणे, महिन्याला नवा ईसीजी काढणे, रात्री दोन वाजता मोबाइलवर लक्षणे शोधणे, पाण्याच्या बाटलीशिवाय घराबाहेर न पडणे, हे सारे त्या क्षणी दिलासा देते आणि "बाटली होती म्हणून वाचलो" हा धडा मेंदूला शिकवते.

झटके वारंवार येत असतील, किंवा त्यांच्या भीतीने प्रवास, लिफ्ट, बाजार टाळणे सुरू झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते. तिच्यात कधी कधी देखरेखीखाली मिनिटभर मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून तीच मुंग्या-चक्कर निर्माण करून दाखवतात. मला तो प्रयोग दहा पुस्तकांपेक्षा अधिक पटला, पण हृदयविकार, दमा, अपस्मार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तो करू नये, आणि इतरांनीही पहिल्यांदा एकट्याने करू नये. औषधे लागली तर ती बहुधा काही आठवड्यांनी गुण देणारी असतात. शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलामची गोळी पंधरा-वीस मिनिटांत शांत करते, पण तिची सवय लागते आणि ती अचानक सोडल्यास झटके दुपटीने येऊ शकतात. जवळपास तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

टाळलेल्या जागेकडे परतताना पायऱ्या लहान ठेवाव्यात. मी आधी नुसती स्वारगेट स्थानकावर जाऊन उभ्या गाडीत दहा मिनिटे बसून आले. मग मैत्रिणीबरोबर शिरवळपर्यंत गेले, मग एकटी शिरवळपर्यंत, आणि दीड महिन्याने साताऱ्याहून परतीचे तिकीट काढले. बोगदा दिसताच धडधड सुरू झाली, ओठ किंचित बधिर झाले, आणि मी खिडकीकडे तोंड करून बशीतला चहा फुंकत राहिले. बोगदा पार व्हायला गाडीला जेमतेम मिनिट-दीड मिनिट लागते, हे मला त्या दिवशी घड्याळ पाहिल्यामुळे कळले.